होडी रस्त्याने येते तेव्हा

नाशिकच्या पंचवटीत होडी पाण्यातून येत नाही. वर गंगापूर धरण, खाली बंधारे, मधे पूल आणि खडकाळ पात्र. गोदावरीतून इथवर वाहतूक करता येईल असा मार्गच नाही. पण पूर आला की याच नदीत होडी लागते. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 मध्ये रामकुंड, गोदाघाट आणि लगतची बाजारपेठ पाण्याखाली गेली. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात, आणि ते पाणी चढू लागलं की बचावाच्या होड्या निघतात त्या रस्त्याने. 2027 च्या सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमधली, म्हणजे ऐन पावसातली. त्यामुळे ट्रेलरवर होडी कशी बांधायची, हा प्रश्न इथे हौशी नौकाविहारापुरता राहत नाही. वाटेत घसरलेली होडी पुराच्या काठावर पोहोचतच नाही.

दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डातून निघणारी टोमॅटोची पिकअप पाहा. क्रेटवरून दोर टाकायचा, दोन्ही बाजूंच्या हुकांत अडकवून कचकचून ओढायचा. बहुतेक जण होडीही तशीच बांधतात. इथेच चूक होते. क्रेटना सपाट बूड असतं आणि पिकअपला चारी बाजूंनी फळ्या असतात. होडीचा तळ निमुळता. तो पाणी कापण्यासाठी घडवलेला असतो, स्थिर बसण्यासाठी नाही. ट्रेलरवर ती दोन गादी लावलेल्या आडव्यांवर किंवा रबरी रोलरांवर टेकते. रोलर तर होडी सहज सरकावी म्हणूनच लावलेले असतात.

वरून टाकलेला पट्टा होडीला पुढे जाण्यापासून थेट अडवत नाही. तो तिला खाली दाबतो. दाब वाढला की घर्षण वाढतं, आणि होडीला धरून ठेवतं ते घर्षण. थोडं गणित करू. इंजिनासह होडीचं वजन 600 किलो धरा. जोरात ब्रेक लागल्यावर माल त्याच्या वजनाच्या 0.8 पट जोराने पुढे ढकलला जातो, असं युरोप-अमेरिकेतले माल बांधण्याचे नियम गृहीत धरतात. बाजूला आणि मागे निम्म्या वजनाइतका. म्हणजे आपली होडी 480 किलोच्या जोराने गाडीकडे झेपावणार. पावसात भिजलेल्या आडव्यांवर घर्षणाचा गुणांक 0.3 मानला, तर वजनामुळे मिळणारी पकड 180 किलोची. उरले 300. ते निव्वळ वरच्या पट्ट्यांच्या दाबातून मिळवायचे, तर 300 भागिले 0.3, म्हणजे 1000 किलोचा जादा दाब द्यावा लागेल. हाताने फिरवायच्या रॅचेटने एका बाजूला साधारण 300 किलोचा ताण येतो. त्यात पट्टा कडेवरून वळताना घासतो आणि पलीकडच्या बाजूला ताण कमी पोहोचतो. शिवाय इतका दाब फायबरच्या होडीचे काठ सोसणार कसे?

तोच पट्टा होडीच्या मागच्या फळीवरच्या कडीत अडकवून तिरका, खाली आणि मागे, ट्रेलरच्या सांगाड्याला बांधला तर हिशेब पार बदलतो. डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन्ही 45 अंशांत. 300 किलोचा उरलेला जोर दोघांनी वाटून घेतला की प्रत्येकावर सुमारे 210 किलोचा ताण येतो. बाजारात मिळणारा साधा चांगला पट्टा तो सहज पेलतो. इथे पट्टा घर्षणाची वाट पाहत बसत नाही, स्वतःच अडवतो. पुढे नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, रबरी ठोकळ्याचा टेकू, नाळेच्या कडीतून विंचचा पट्टा, आणि त्याच्या जोडीला वेगळी साखळी हवी. विंचचा दाता निसटू शकतो; साखळी त्याच क्षणासाठी असते. मुंबईहून येताना कसारा घाटाच्या चढावर होडीचा कल मागे सरकण्याकडे असतो आणि सगळी भिस्त या नाळेच्या बांधणीवर येते.

घर्षणावर विसंबू नये याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे खड्डा. चाक खड्ड्यात पडतं तेव्हा ट्रेलर होडीच्या खालून क्षणभर निघून जातो. त्या क्षणी होडीचा आडव्यांवरचा दाब शून्याजवळ येतो, दाब गेला की घर्षणही गेलं. त्याच वेळी चालक खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवत असतो किंवा ब्रेक दाबत असतो. होडी जागची हलते ती बहुधा अशा वेळी. पुन्हा आदळून ती नव्या जागी बसते आणि आधी घट्ट असलेले पट्टे सैल पडतात. म्हणून निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरांवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढायला हवेत, आणि घाट चढून इगतपुरीला आल्यावर परत एकदा. पट्टा पॉलिस्टरचा बरा. नायलॉन जास्त ताणतो, भिजल्यावर आणखीच.

हवा भरलेल्या रबरी बोटींची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार सुंदर वाटते. अशा बोटीच्या नळीत बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण पाव किलो जास्त दाब असतो. समुद्रसपाटीवरून सुमारे 600 मीटर चढून नाशिकला आलं की बाहेरच्या हवेचा दाब जवळपास 7 टक्क्यांनी उतरतो आणि नळी आणखी टणक होते. पण वाटेत सरी कोसळल्या आणि नळीतली हवा 40 अंशांवरून 25 अंशांवर आली, तर नळीतला एकूण दाब सुमारे 5 टक्क्यांनी घटतो. टक्के थोडे वाटतात. पण बाहेरचा दाब वजा केल्यावर उरतो तो टणकपणा जवळपास पाव हिश्श्याने कमी झालेला असतो. नळी मऊ पडली की तिच्यावरचे पट्टे आपोआप ढिले. गाठ कुणीही सोडलेली नसते.

रोइंगच्या स्पर्धेतल्या नावांना वजनापेक्षा वाऱ्याची भीती. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात तेरावा क्रमांक मिळवला, त्या एकट्याने वल्हवायच्या नावेचं नियमानुसार किमान वजन फक्त 14 किलो असतं आणि लांबी आठ मीटरच्या आसपास. महामार्गावर वारा तिला उचलू पाहतो. म्हणून ती पालथी घालून रॅकवर दोन-तीन ठिकाणी बांधतात. सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात फडफडून थरथरतो आणि रॅचेट सैल करतो. त्याला मधे एक पीळ दिला की थरथर थांबते.

होडी पक्की बांधली तरी सगळा ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागण्याचा धोका उरतोच. त्याचं मूळ वजनाच्या वाटणीत आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकावर पडायला हवा. वजन चाकांच्या मागे गेलं की ठरावीक वेगापुढे प्रत्येक डुलकी आधीच्यापेक्षा मोठी होते. होडीचं इंजिन मागेच असतं, त्यात पावसाचं पाणी साचतं तेही मागेच, कारण नाळ उंच असते. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो. म्हणून प्रवासात तळाचं बूच काढून ठेवायचं. डोलणं सुरू झालंच तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा. वेग वाढवून ते थांबत नाही.

मग नाशिक शहरातला शेवटचा टप्पा: द्वारका, कन्नमवार पूल, पंचवटीच्या अरुंद गल्ल्या आणि गोदाघाट. लांबच्या प्रवासाने चाकांचे हब तापलेले असतात. ते तसेच पाण्यात बुडवले की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून गढूळ पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. जमलं तर थोडं थांबावं. पूर थांबू देत नसेल तर नंतर बेअरिंग उघडून ग्रीस बदलावं. उतारावर जाण्याआधी, सपाट जागी, मागचे पट्टे सोडायचे आणि बूच आठवणीने परत बसवायचं. नाळेची साखळी आणि विंच मात्र होडी पाण्यावर तरंगू लागेपर्यंत सोडायची नाहीत, कारण ओल्या उतारावर होडी रोलरांवरून सुटली तर ती थेट घाटाच्या दगडी पायऱ्यांवर आदळते.