मागणी आणि इच्छा : नांदेडच्या विमानसेवेचे उदाहरण



‘मागणी’ हा शब्द आपण अनेक अर्थांनी वापरतो. मुलीला मागणी येते, मोर्चेकरी मागण्या मांडतात, वसमतच्या हळदीला बाजारात मागणी असते. अर्थशास्त्रात मात्र तो पारिभाषिक शब्द आहे. इच्छेला पैसे देण्याची क्षमता आणि तयारी यांची जोड मिळाली, तरच तिला मागणी म्हणतात. हिंगोलीकरांना जवळचे विमानतळ नांदेडचे. विमानाने जावे असे वाटणाऱ्यांपैकी किती जण तिकीट काढतील, हे पुढील घटकांवर अवलंबून असते.

१. प्रवासाचा हेतू : विमानप्रवासाची मागणी अप्रत्यक्ष असते; व्यापार, उपचार, शिक्षण, यात्रा यांतून ती निर्माण होते. नांदेडला तख्त सचखंड श्री हुजूर साहिब आहे. डिसेंबर २०१७ मध्ये येथून अमृतसरची सेवा सुरू झाली, ती या यात्रेकरूंमुळेच समजते.

२. भाडे व उत्पन्न : एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेच्या आरंभीच्या मार्गांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. या योजनेत सुमारे तासाभराच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे २५०० रुपयांपर्यंत मर्यादित केले होते. भाडे वाढल्यास सहलीला जाणारा बेत पुढे ढकलतो. तातडीच्या उपचारांसाठी निघालेला सहसा ढकलत नाही. पहिल्याची मागणी लवचीक, दुसऱ्याची अलवचीक होय.

३. पर्यायी साधने व वेळ : मुंबईला जाण्यासाठी रात्रीची रेल्वे आहे. हिंगोलीकराने विमानाचा वेळ मोजताना नांदेडपर्यंतचा रस्ता आणि विमानतळावरील प्रतीक्षाही धरली पाहिजे. वाचणारा वेळ ज्याला मोलाचा, तोच जादा पैसे मोजतो.

४. सेवेची खात्री : नांदेडची सेवा मध्यंतरी खंडित झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. परतीच्या विमानाचा भरवसा नसेल, तर प्रवासी रेल्वेचेच आरक्षण करतो.

येथे दोन चुका टाळाव्यात. निवेदनावरील हजार सह्या म्हणजे हजार तिकिटे नव्हेत. उलटपक्षी, सेवा बंद पडली म्हणजे मागणी नव्हतीच, असेही नव्हे. विमान कंपनीच आर्थिक अडचणीत आली, तर भरलेल्या आसनांचा मार्गही बंद होऊ शकतो. आपल्या भागासाठी सेवा मागताना हा भेद ध्यानात ठेवल्यास आपले म्हणणे अधिक भक्कम होईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपल्या गावातील एखाद्या बससेवेची ‘इच्छा’ आणि ‘मागणी’ यांतील फरक पाच वाक्यांत स्पष्ट करा.