विश्लेषण : ताजा बर्फ जीवघेणा कधी ठरतो? हिवाळी ट्रेक, स्कीइंगला निघण्यापूर्वी पुणेकरांनी काय तपासावे?

डिसेंबर उजाडला, की पुण्यातील ट्रेकर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास ही नावे फिरू लागतात. काहींचा मोर्चा स्कीइंग शिकण्यासाठी गुलमर्ग आणि औलीकडे वळतो. वर्षभर राजगड-तोरणा, कळसूबाई केलेल्यांचा दम आणि पाय तयार असतात. मात्र, बर्फाचा उतार ओळखायला सह्याद्री शिकवत नाही. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. गुलमर्गचे कुरणच त्यापेक्षा सुमारे हजार मीटर उंचावर आहे. तिथला धोका कसा ओळखायचा, याविषयी...

अलीकडे काय घडले?

१ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गजवळच्या अफरवट शिखराच्या उतारावर हिमस्खलन होऊन पोलंडच्या दोन स्कीअर्सचा मृत्यू झाला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्ग परिसरातच एका रशियन स्कीअरने जीव गमावला. दोन्ही घटना ठरवून दिलेल्या स्की मार्गांच्या बाहेर, म्हणजे ‘बॅककंट्री’ भागात घडल्या. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील ‘द्रौपदी का डांडा-२’ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. त्यात २७ मृतदेह मिळाले, तर दोघे बेपत्ता राहिले. मृतांमध्ये त्याच वर्षी एव्हरेस्ट सर करणाऱ्या सविता कंसवाल होत्या. अनुभव आणि प्रशिक्षण असूनही धोका संपत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

हिमस्खलन नेमके कसे होते?

हिवाळ्यात बर्फ एकदम नव्हे, तर थराथराने साचतो. प्रत्येक हिमवृष्टीचा थर वेगळा. कडक थंडीत पातळ बर्फाखाली साखरेसारखे सुटे कण तयार होतात. त्यावर पुढच्या हिमवृष्टीचा घट्ट थर बसतो. साखर पसरून त्यावर फरशी ठेवावी आणि ती तिरकी करावी, तसा हा प्रकार. वरून सगळे भक्कम दिसते. पण एका माणसाच्या वजनाने खालचा कच्चा थर कोसळतो, तडा काही क्षणांत दूरवर पसरतो आणि पूर्ण लादी सुटून खाली येते. पावसाने भिजलेला डोंगर सुटून दरड कोसळते, हे पुणे जिल्ह्याने २०१४ मध्ये माळीण येथे पाहिले. बर्फात मात्र हा तोल अनेकदा माणूसच बिघडवतो. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार, जीवघेण्या दुर्घटनांपैकी सुमारे ९० टक्के घटनांत हिमस्खलन सापडलेल्या व्यक्तीमुळे किंवा तिच्या सोबत्यामुळे सुरू झालेले असते.

कोणता उतार धोक्याचा?

बहुतांश लादी-हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. घरातल्या जिन्याचा चढ साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो, यावरून अंदाज यावा. यापेक्षा फार तीव्र उतारावर बर्फ साचून राहत नाही, तर सौम्य उतारावर तो सहसा सुटत नाही. अडचण अशी, की स्कीइंगला सर्वाधिक मजा याच पट्ट्यात येते. मोबाइलमधील कोन मोजणाऱ्या ॲपने उताराचा अंदाज घेता येतो. मात्र, आपण सपाटीवर आहोत म्हणून सुरक्षित आहोत, असे नाही; वरचा उतार सुटला तर तो खालच्या तंबूपर्यंत येऊ शकतो.

धोक्याची चिन्हे कोणती?

* गेल्या २४ ते ४८ तासांत जोरदार हिमवृष्टी
* वाऱ्याने कड्याच्या आडोशाला साचवलेला बर्फ
* शेजारच्या उतारावर नुकतेच झालेले हिमस्खलन
* पायाखाली ‘धप्प’ असा आवाज किंवा बर्फात पळणाऱ्या भेगा
* अचानक वाढलेले तापमान किंवा बर्फावर पडलेला पाऊस

हिमवृष्टीनंतरचे निरभ्र आकाश अनेकांना फसवते. फोटोसाठी तो दिवस उत्तम असतो; पण नवा बर्फ तोपर्यंत स्थिरावलेला नसतो.

सगळ्या हिमालयात धोका सारखाच?

नाही. गुलमर्ग ज्या पीर पंजाल रांगेत आहे, तिथे पश्चिमी विक्षोभांमुळे भरपूर बर्फ पडतो आणि थंडी तुलनेने कमी असते. त्यामुळे हिमवृष्टीदरम्यान व तिच्या लगेच नंतर धोका सर्वाधिक असतो. काराकोरमकडे बर्फ कमी आणि थंडी तीव्र. तिथे कच्चा थर अनेक आठवडे टिकून राहू शकतो.

इशारा कुठे मिळतो?

डीआरडीओची चंडीगड येथील ‘डीजीआरई’ ही प्रयोगशाळा हिमस्खलनाचे इशारे देते. पूर्वीची ‘सासे’ ही हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये यात विलीन झाली. हे इशारे राज्य आपत्ती व्यवस्थापन यंत्रणांमार्फत जिल्हा आणि उंचीनुसार जाहीर होतात. हवामानासाठी श्रीनगर, शिमला व डेहराडून येथील हवामान केंद्रांचे अंदाज पाहावेत. मात्र, जिल्ह्याचा इशारा एखाद्या ठरावीक उताराची हमी देत नाही. ‘मध्यम’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे.

गाडले गेल्यास हाती किती वेळ?

स्वित्झर्लंडमधील नोंदींच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडले गेलेल्यांपैकी पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेले ९० टक्क्यांहून अधिक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर येते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर किंवा बचाव पथक पोहोचणे जवळपास अशक्य. वाचवतात ते सोबतचेच लोक. त्यासाठी प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात : ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा बीकन, बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब काठी (प्रोब) आणि धातूचे फावडे. मोबाइल बीकनची जागा घेऊ शकत नाही. उलट त्याच्यामुळे शोधात अडथळा येतो. त्यामुळे तो बीकनपासून किमान २० सेंटीमीटर आणि शोध घेताना ५० सेंटीमीटर दूर ठेवावा.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

मार्गावरील कोणते टप्पे हिमस्खलनाच्या उताराखाली येतात? हिमवृष्टी झाल्यास किती राखीव दिवस आहेत? परत फिरण्याचा निर्णय कोण घेणार? मार्गदर्शकाने बीकन शोधाचा सराव कधी केला? विम्यात हिवाळी साहस आणि बचावकार्याचा खर्च येतो का? बॅककंट्रीत जायचे असल्यास धोकादायक उतार एका वेळी एकानेच पार करावा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी.

रेल्वेचे तिकीट, सुट्टी आणि भरलेले पैसे यांचा दबाव शेवटच्या दिवशी सर्वाधिक असतो. म्हणूनच ‘किती बर्फ पडला तर परत फिरायचे’ हे पुण्यातच, निघण्यापूर्वी ठरलेले बरे.