विहिरीवरच्या पेटीतील बसबार

मोटार जळली की आपण कमी व्होल्टेजला बोल लावतो, नाही तर मोटार बनवणाऱ्या कंपनीला. विहिरीवरची पेटी मात्र कोणी उघडून पाहत नाही. एका मेन स्विचवर दोन-तीन मोटारी आणि सगळ्यांच्या वायरी पीळ मारून एकाच बोल्टखाली कोंबलेल्या, हे चित्र वस्त्यांवर फिरताना मला नेहमी दिसते.

अशा ठिकाणी बसबार हवा. बसबार म्हणजे तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी. मेन स्विचमधून आलेला एकेक फेज एकेका पट्टीवर घ्यायचा आणि तेथून प्रत्येक मोटारीला वेगळा फ्यूज व वेगळी वायर द्यायची. पाटाला जशी दारे, तसेच हे.

5 अश्वशक्तीची थ्री फेज मोटार साधारण 7 ते 8 अँपिअर घेते; सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. तीन मोटारींना 25 मिलिमीटर रुंद व 3 मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भरपूर झाली. तांब्याची याहून बारीक चालते, पण ती महाग, आणि चोरांनाही प्रिय!

खरी मेख आहे ती सांध्यात. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा पातळ थर चढतो व तो वीज अडवतो. मग सांधा तापतो, तापून ढिला होतो, ढिला झाला की आणखी तापतो. एक दिवस तो फेज तुटतो. चालती मोटार मात्र थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती घुमत राहते, जवळजवळ पावणेदोनपट करंट ओढते आणि भरायला न्यावी लागते. ऐन पाळीच्या वेळी असे झाले तर ऊस, कांदा काय थांबतात?

म्हणून वायरीला लग बसवून घ्या. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ब्रशने घासून लगेच सांध्याचे ग्रीस लावा. साधा वायसर, त्यावर स्प्रिंग वायसर आणि मग नट. एका बोल्टवर एकच वायर. तांब्याची वायर अ‍ॅल्युमिनियमवर थेट आवळू नका; ओल लागली की तो सांधा कुजतो. त्यासाठी दोन धातूंचे लग मिळतात.

पट्ट्या लाकडावर ठोकू नका. पावसाळ्यात लाकूड ओल धरते. चिनी मातीचे किंवा फायबरचे आधार घ्या आणि दोन पट्ट्यांत निदान एक इंच मोकळी जागा ठेवा. वायरीची भोके बुजवा, नाही तर उबेला आलेली पाल दोन पट्ट्यांवर पडते आणि पेटीत भडका उडतो.

डीपीच्या पेटीतही बसबार असतात, पण तेथे हात घालायचा नाही. ते काम लाइनमनचे. आपल्या पेटीचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. ‘लाइट गेलीय तोवर आवळून घेऊ’ असे तर कधीच करू नका. लाइट केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि स्टार्टरला ऑटो स्विच असला तर मोटारही आपोआप सुरू होते. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, टेस्टरने प्रत्येक पट्टी तपासा. स्विचच्या वरच्या बाजूला वीज तरीही असतेच, हे ध्यानात ठेवा.

बोल्ट आवळून झाले की नटावरून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढायला सांगा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला असे समजावे.