शेती अवजारांची निगा

परभणी जिल्ह्यातील गोदावरी, पूर्णा व दुधना काठच्या काळ्या भारी जमिनीत वापसा फार दिवस टिकत नाही. पावसानंतर ही जमीन चिकट असते आणि ऊन पडताच कठीण होते. या दोहोंमधील मोजक्या दिवसांतच पेरणी व डवरणी उरकावी लागते. अशा वेळी वखराची पास बोथट निघाली किंवा कुदळीचा दांडा निखळला, तर दुरुस्तीतच वापसा निघून जातो. ट्रॅक्टर आले तरी डवरणी व खुरपणीसाठी ही लहान अवजारे लागतातच.

काळी माती ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते. ती लोखंडाला चिकटून राहिल्यास पाणी व हवा यांच्या योगाने गंज चढतो. म्हणून काम संपताच माती लाकडी चिपेने खरवडून काढावी, अवजार धुऊन उन्हात वाळवावे आणि त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. चढलेला गंज तारेच्या ब्रशाने काढावा. अवजारे जमिनीपासून उंच टांगावीत. रासायनिक खताच्या पोत्यांजवळ ती ठेवू नयेत. खतातील क्षार ओलावा ओढून घेतात व लोखंड लवकर खातात.

धार कानशीने लावावी. यंत्राच्या सहाणेवर लावावयाची झाल्यास पाते वरचेवर पाण्यात बुडवावे. तापून निळे पडलेल्या पात्याचे पाणी उतरते व त्याची धार टिकत नाही. सैल दांडा पाण्यात भिजवून घट्ट करण्याची रीत तात्पुरती आहे. वाळताच तो पुन्हा हलतो. त्यास कोरड्या लाकडाची पाचर मारावी व वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळावे.

फवारणी पंपाची निगा विशेष दक्षतेने घ्यावी. टू-फोर-डी या तणनाशकाचा पंपात राहिलेला अल्प अंशही कपाशीची पाने विकृत करतो. म्हणून तणनाशकासाठी पंप वेगळाच असावा. फवारणीनंतर हातमोजे घालून पंप तीनदा धुवावा. ते पाणी विहिरीत वा ओढ्यात जाऊ देऊ नये. तुंबलेले नोझल तोंडाने कधीही फुंकू नये; विष पोटात जाते.

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. त्याच दिवशी प्रत्येक पाते, दांडा व पाचर तपासावी, म्हणजे रब्बी ज्वारीच्या पेरणीत खोळंबा होणार नाही. दुसरी तपासणी मृगापूर्वी, मे महिन्यातच उरकावी.