कोळशाचा डबा आणि वरंध्याची चढण

टर्बो गाडीत फेरफार करायला घेतले, की पहिली मारामारी जागेची होते. मोठा इंटरकूलर, त्याचे जाडजूड पाइप, उघडा एअर फिल्टर, ऑइलचा कॅच कॅन हे सगळं त्याच बोनेटखाली कोंबायचं असतं. मग मेकॅनिकची नजर एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यावर जाते. दोन-तीन नळ्या आलेला, आत काही न फिरणारा, न खडखडणारा डबा. त्याच्यामुळे पिकअप वाढत नाही की आवाज घुमत नाही. ‘काढून टाकू, गाडीला काही होत नाही,’ असा निकाल पाच मिनिटांत लागतो. मालक जपून वागणारा असला, तर डबा काढण्याऐवजी हलवला जातो: बंपरच्या आत, चाकाच्या वरच्या पोकळीत, कधी थेट डिकीत.

हा डबा म्हणजे चारकोल कॅनिस्टर. टाकीतल्या पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ न देता धरून ठेवायची आणि इंजिन चालू असताना त्यालाच जाळायला द्यायची, एवढंच त्याचं काम. टर्बो गाडीत मात्र हे एवढंसं कामही किचकट होऊन बसतं. किती किचकट, ते पाहायला भोर आणि वेल्हे तालुक्यांतले रस्ते फार सोयीचे आहेत. (वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं असलं, तरी गाड्यावाले अजून ‘वेल्ह्याला चाललोय’ असंच म्हणतात.) पुण्यातल्या हौशी गाड्यांचा रविवार याच भागात जातो. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला की एक रस्ता चेलाडी फाट्यावरून मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला आणि पुढे पाबे घाटात जातो. दुसरा कापूरहोळवरून भोरला, तिथून निगुडघर, हिरडोशी करत वरंधा घाटाने थेट कोकणात, महाडला उतरतो.

डब्यात भरलेला कोळसा शेगडीतला नव्हे. तो खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला असतो. अशा एका ग्रॅम कोळशातल्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर हजार चौरस मीटर आणि त्याहूनही जास्त पृष्ठभाग भरतो. ज्या भागात फार्महाउसचे प्लॉट गुंठ्यावर विकले जातात तिथल्या भाषेत सांगायचं, तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे जागा. पेट्रोलच्या वाफेचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात. ब्युटेन वायू वापरून मोजलं, तर लिटरभर चांगल्या कोळशात शंभरेक ग्रॅम वाफ मावते.

मात्र वाफ नुसती धरून भागत नाही, ती सोडताही आली पाहिजे. करवंटीपासून बनवलेला कोळसा पाणी शुद्ध करायला उत्तम, पण त्याची छिद्रं फार बारीक असतात आणि त्यांत शिरलेला रेणू सहजी बाहेर पडत नाही. म्हणून गाड्यांच्या कॅनिस्टरसाठी बहुतेक वेळा लाकडापासून केलेला, किंचित मोठ्या छिद्रांचा कोळसा पसंत करतात. रात्रभर धरलेली वाफ सकाळी वीस मिनिटांच्या ड्रायव्हिंगमध्ये सोडून देणारा कोळसा तो खरा कामाचा.

या डब्याची गरज पहिल्यांदा कॅलिफोर्नियाला भासली. मूळचे नेदरलँड्सचे रसायनतज्ज्ञ आरी हागेन-श्मिट अननसाच्या वासाचं रसायन शोधत होते. तेच १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या डोळे झोंबवणाऱ्या धुरक्याकडे वळले. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. हे हायड्रोकार्बन फक्त सायलेन्सरमधून येत नाहीत, उभ्या गाडीच्या टाकीतूनही निघतात. त्यामुळे १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून साऱ्या अमेरिकेत बाष्पीभवनावर बंधन आलं. आपल्याकडे चारचाकींत हा डबा आधीपासून होता. भारत स्टेज ४ मुळे २०१७ पासून तो स्कूटर-मोटारसायकलींतही दिसू लागला.

बंधन किती कडक? १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत नव्या मॉडेलची गाडी हवाबंद खोलीत उभी करतात. इंजिन बंद. खोलीचं तापमान एका दिवसात २० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत नेऊन परत खाली आणतात आणि खोलीत जमलेले हायड्रोकार्बन मोजतात. गरम इंजिन बंद केल्यावरच्या पहिल्या तासात निघालेली वाफ त्यात मिळवायची. भारत स्टेज ६ प्रमाणे पेट्रोल कारसाठी एकूण मर्यादा आहे २ ग्रॅम. म्हणजे तीन मिलिलीटरही पेट्रोल नाही, चहाचा चमचा अर्धाच भरेल.

आता ही गाडी महाडहून भोरकडे निघाली आहे असं समजू. महाड समुद्रसपाटीच्या जवळ; वरंध्याचा माथा सहाशे-सातशे मीटर उंच. एवढ्या चढणीत हवेचा दाब अंदाजे सात टक्क्यांनी उतरतो. टाकी अर्धी रिकामी असेल, तर पेट्रोलच्या वर वीस-बावीस लिटर जागा असते आणि उन्हाळ्यात त्या जागेतली जवळजवळ निम्मी ‘हवा’ म्हणजे पेट्रोलची वाफच. (निम्मी वाफ असूनही टाकी पेटत नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच पेट घेते. टाकीत ती फार जास्त असते. नळीतून गळून बाहेरच्या हवेत विरळ झाली की मात्र ती नेमकी धोक्याच्या पट्ट्यात येते.) बाहेरचा दाब उतरला की टाकीतलं मिश्रण फुगतं, थोडं बाहेर पडतं आणि त्याची जागा भरायला पेट्रोल पुन्हा वाफ सोडतं. ढोबळ हिशेब केला, तर तापमान अजिबात न वाढताही एका चढणीत तीन-चार ग्रॅम वाफ टाकीबाहेर पडते. एआरएआयच्या खोलीत पूर्ण दिवसाला २ ग्रॅमची मुभा. इथे तासाभराच्या घाटात त्याच्या दीड-दोन पट. शिवाय खालून एक्झॉस्टची धग टाकीला लागत असते, ती वेगळीच.

ही वाफ कोळशाने धरली. आता ती इंजिनने ओढून घ्यायची. साध्या इंजिनात हे आपसूक होतं. हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये पोकळी असते. आयडलिंगला तिथला दाब बाहेरच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, डब्याकडून येणाऱ्या नळीवरचा पर्ज व्हॉल्व्ह उघडला की ती पोकळी डब्यातून ताजी हवा खेचते आणि हवेबरोबर वाफ येते. टर्बो गाडीतही आयडलिंगला हेच घडतं. पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला, टर्बो फिरू लागला, की त्याच मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या दीडपट, पावणेदोनपट दाब तयार होतो. ओढणारी जागा आता ढकलू लागते. म्हणून मधे एक वन-वे व्हॉल्व्ह लागतो आणि बऱ्याच गाड्यांत दुसरी वाटही दिलेली असते: टर्बोच्या तोंडाशी, जिथे टर्बो स्वतः हवा खेचत असल्याने थोडी पोकळी असते. काही कंपन्या टर्बोचीच दाबलेली हवा अरुंद नळीतून जोरात सोडून, त्या झोताने वाफ ओढून घेतात.

वरंध्यात पेच पडतो तो इथेच. चढणीला टर्बो सतत दाबाखाली असतो, म्हणजे पहिली वाट बंद. आणि वाफ सर्वांत जास्त तयार होते तीही चढणीलाच. उतारावर पाय उचलला की मॅनिफोल्डमध्ये भरपूर पोकळी मिळते खरी, पण तेव्हा ईसीयूने पेट्रोलच तोडलेलं असतं. अशा वेळी वाफ आत सोडली तर ती न जळता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला तापवेल, म्हणून पर्ज व्हॉल्व्हही बंद. कॅनिस्टर मोकळा व्हायला हिरडोशीच्या पुढचा, धरणाच्या कडेने जाणारा सौम्य रस्ता उजाडावा लागतो. कंपनीने दिलेली दुसरी वाट ‘पाइप नीटनेटके दिसावेत’ म्हणून कापून टाकली, तर चढणीत डबा फक्त भरत राहतो.

डबा हलवताना ज्या चुका होतात, त्यातली सर्वांत महागात पडणारी म्हणजे वन-वे व्हॉल्व्ह उलटा बसवणं किंवा विसरणं. मग टर्बोचा दाब पर्ज व्हॉल्व्हवर आदळतो. तो पूर्ण घट्ट बसत नसेल, तर दाब डब्यात आणि तिथून टाकीकडे जातो. वाफ ताज्या हवेच्या तोंडातून बाहेर फेकली जाते, कधी तिच्याबरोबर कोळशाची भुकटीही. ती भुकटी पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकली की तो उघडाच राहतो. मग पंपावरून निघालेली गाडी पहिल्या सिग्नलला आचके देते आणि मालक पेट्रोलात भेसळ आहे म्हणून पंपवाल्याशी भांडायला जातो.

दुसरी चूक जागेची. वाफ शोषून घेताना कोळसा स्वतः तापतो आणि तापलेला कोळसा कमी वाफ धरतो. पेट्रोल टर्बोमध्ये शिरणारा एक्झॉस्ट नऊशे अंशांच्याही वर जाऊ शकतो; त्याच्या शेजारी डबा ठेवणं म्हणजे त्याची वाफ धरायची ताकद कायमची कमी करून ठेवणं. डिकीत ठेवला तर धग टळते, पण एखादा सांधा सैल झाला की वाफ प्रवाशांच्या नाकात. तिच्यात बेन्झिन असतं आणि हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचून राहते.

राहिल्या नळ्या. दुकानात मिळणारी पारदर्शक पीव्हीसीची नळी पेट्रोलच्या वाफेने काही महिन्यांत कडक होते, मग तडकते. इंधनासाठीचीच नळी हवी. ती मधे कुठे झोळ पडून लोंबता कामा नये, कारण त्या झोळात वाफेचं पुन्हा द्रव पेट्रोल होतं आणि वाट बुजते. पर्ज व्हॉल्व्ह आणि इंजिन यांच्यातली नळी फार लांबवली, तर ईसीयूने व्हॉल्व्ह उघडल्यावर वाफ उशिरा पोचते आणि त्याचा पेट्रोलचा हिशेब सारखा मागे-पुढे होतो.

ताज्या हवेचं तोंड हा वेल्ह्याचा खास विषय. केळद, मढे घाटाकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको: रस्त्यावरून पाणी वाहत असतं आणि चाकांमागून उडणारा चिखल बंपरच्या आत कुठवर पोचतो याला सुमार नाही. हे तोंड खाली राहिलं तर कोळसा भिजतो. पूर्ण बुजलं तर टाकीला श्वासच घेता येत नाही. पेट्रोल संपत जाईल तशी आत पोकळी तयार होते आणि पंपावर झाकण उघडताना जोरात ‘फुस्स’ होतं. त्यावर काही जण झाकणालाच भोक पाडतात, मग सगळी उठाठेव पाण्यात.

आणि एक नुकसान तर कुठलाही फेरफार न करता, रोज होतं. नोजल ‘टक्’ करून थांबल्यावर ‘दादा, दोन हजारांचं राउंड फिगर करा’ असं म्हटलं, की टाकीच्या गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफेच्या वाटेने कॅनिस्टरमध्ये उतरू शकतं. द्रव पेट्रोलने भिजलेला कोळसा सहसा पूर्ववत होत नाही.

हे सगळं पकडणारी यंत्रणा मात्र तोकडी आहे. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घालतात, टाकीकडे कोणी बघत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून गाडी स्वतःच वाफेच्या वाटेतलं एक मिलिमीटरचं भोकही शोधते. आपले नियम युरोपच्या वळणाचे, त्यांत पर्ज व्हॉल्व्हची वायर शाबूत आहे की नाही एवढं पाहिलं तरी चालतं. ईसीयू रिमॅप करणारे त्या बिघाडाचा कोडही बंद करून देतात. कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठणकावून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर बोनेट उघडून कॅनिस्टर शोधणारा पोलीस अजून तरी कोणी पाहिलेला नसेल, हा भाग वेगळा.

ज्याचा डबा आधीच हलवलेला आहे, त्याने घाटात जाण्यापूर्वी घरच्या घरी दोन गोष्टी तपासाव्यात. इंजिन बंद आणि थंड असताना पर्ज व्हॉल्व्ह काढून, स्वच्छ पुसून, त्यात फुंकायचं: वीज नसताना तो बंदच असतो, त्यामुळे हवा जाता कामा नये. मग वन-वे व्हॉल्व्ह: इंजिनाच्या दिशेने फुंकर गेली पाहिजे, उलट दिशेने अडली पाहिजे. फक्त फुंकायचं, ओढायचं नाही. आत उरलेली वाफ थेट छातीत जाते.