पणजीचं नाव फेरफारात सापडलं!

आमच्या पणजीला सगळे 'मोठी आई' म्हणायचे. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. माहीत एवढंच, की वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहायच्या आधी ती कळंबला नांदायला आली.

मग शोध घेतला. आमच्या जमिनीच्या गट नंबरवरून जुना सर्व्हे नंबर काढला आणि इंदापूर तहसीलमध्ये त्याचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, मागितले. पणजोबा वारल्यानंतरच्या वारस नोंदीत, मुलांच्या नावांखाली शेवटची ओळ: 'विधवा', आणि पुढे तिचं नाव. मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं!

तुम्हालाही शोधायचं असेल तर:

👉 वारसांचे फेरफार: गाव नमुना 6

👉 जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी: गाव नमुना 14, म्हणजेच कोतवाल बुक

👉 त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगा, ते पिढ्या काढून दाखवतात.

जुनी नोंद बहुधा मोडीत असते, वाचणारा जाणकार गाठा.

माहेर मात्र फेरफारात सापडत नाही. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांना एकच विचारा: आजोबांच्या मामाचं गाव कोणतं? तेच पणजीचं माहेर.

कागद मिळेल, माणसं थांबणार नाहीत. आधी त्यांच्याजवळ बसा. काही अडलं तर जरूर विचारा.