हिरड्यांची शस्त्रक्रिया आणि सुयांचा दिलासा

पायोरिया बळावला की दाताभोवतीचे हाड झिजते आणि हिरडीखाली खोल कप्पे तयार होतात. नुसत्या सफाईने भागत नाही, तेव्हा हिरडी उलगडून आतला भाग स्वच्छ करावा लागतो. याला फ्लॅप शस्त्रक्रिया म्हणतात. जागा बधिर केलेली असल्याने त्या वेळी दुखत नाही; काही तासांनी बधिरता उतरली की ठणका लागतो.

बहुतेकांना आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल पुरते. मात्र मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरात व्रण असलेल्यांना आयबुप्रोफेन धोक्याचे ठरते. जुन्या मधुमेहात हिरड्या आणि मूत्रपिंडे दोन्ही बिघडू शकतात, त्यामुळे असे रुग्ण थोडेथोडके नाहीत. त्यांच्यासाठी इलेक्ट्रोॲक्युपंक्चर हा पूरक उपाय ठरू शकतो.

यात केसासारख्या बारीक सुया ठरावीक बिंदूंवर टोचून त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडतात. दातदुखीसाठी प्रसिद्ध असलेला ‘हेगू’ बिंदू तोंडात नसून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, हाताच्या पाठीवर असतो. पेकिंग विद्यापीठातील हान जी-शेंग यांच्या संशोधनानुसार, 2 हर्ट्झच्या प्रवाहाने शरीरात एन्केफॅलिन आणि बीटा-एन्डॉर्फिन, तर 100 हर्ट्झच्या प्रवाहाने डायनॉर्फिन स्रवते. ही शरीराची स्वतःची वेदनाशामके होत.

पुरावा काय सांगतो? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने 1997 मध्ये दातांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर ॲक्युपंक्चर आशादायक असल्याचे म्हटले. अक्कलदाढ काढलेल्या 39 जणांच्या 1999 मधील अमेरिकी चाचणीत खऱ्या ॲक्युपंक्चरनंतर सरासरी सुमारे 173 मिनिटे वेदना जाणवली नाही; लुटुपुटीच्या उपचारानंतर 94 मिनिटे. फरक सव्वा तासाहून अधिक, पण रुग्ण मोजके आणि शस्त्रक्रिया दाढेची. म्हणून गोळ्या फेकून द्याव्यात, असा याचा अर्थ नाही.

पेसमेकर असलेल्यांनी हा उपचार टाळावा. गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या असाव्यात आणि उपचार करणारा प्रशिक्षित असावा.

आणखी एक. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, ताप आला, सूज पसरली किंवा पू दिसला, तर ती जंतुसंसर्गाची खूण असू शकते. तेव्हा सुई नको, गोळीही नको. आधी दंतवैद्य गाठावा.